तिसरा परिच्छेद

फोनवर कुणी वाचून दाखवत असलं की शमीमबाई पेन्सिलीचं टोक टेबलावर टेकवून धरत. लिहायला नाही, नुसतंच. मनगट सैल, नजर खिडकीकडे. वाचणारं माणूस सरळ वाचत गेलं तर पेन्सिल हलायची नाही. ते एखाद्या शब्दापाशी थांबलं किंवा वाक्याच्या सुरुवातीला परत गेलं, की टोक किंचित उचललं जायचं आणि पुन्हा टेकायचं. टक्. मी समोर बसलेली असले तर फोन ठेवता ठेवता त्या म्हणायच्या, "सुनेत्रा, पंप जोडायच्या पानावर तुझं वाक्य मारुतीच्या शेपटासारखं झालंय. त्या बाईला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला. काप."

मी कापायची.

'समतोल'ची पुस्तिका अशी तयार झाली, वर्षानुवर्षं, टक् टक् करत.

आमची ऋता आठ वर्षांची असताना तिच्या शरीराने इन्सुलिन तयार करणं थांबवलं. तेव्हापासून तिच्या कमरेला पंप आहे आणि दंडावर रक्तातली साखर सतत मोजणारी चकती. दोन्ही वस्तू बाजारात मिळतात. चकतीचा आकडा वाचून पंपाने किती इन्सुलिन सोडायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम मात्र तेव्हा फार महाग होता. मकरंदने, माझ्या नवऱ्याने, तो स्वतः लिहिला, त्याला 'समतोल' नाव दिलं आणि सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा. मी मिरजेत कॉलेजात जीवरसायन शिकवते. प्रोग्रॅम मकरंदने लिहिला, तो वापरायचा कसा हे मी लिहिलं. प्रोग्रॅम यंत्र वाचतं. पुस्तिका वाचते दवाखान्यातून नुकतीच घरी आलेली आई. तिचं लक्ष कागदावर नसतं, शेजारी झोपलेल्या लेकराच्या छातीवर असतं.

म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. नवं माणूस आलं की त्याने पंप सुरू करण्याआधी सगळी पुस्तिका फोनवर मोठ्याने वाचायची, आणि त्या वाटेने आधी गेलेल्या कुणीतरी ती ऐकायची. आम्ही त्याला 'वाचून घेणं' म्हणायचो. सगळ्यांत जास्त जणांचं वाचून घेतलं ते शमीमबाई मुल्लांनी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, नातवामुळे आमच्यात आलेल्या. आयुष्यभर पोरांचं वाचन ऐकलेला कान होता तो.

एका ठिकाणी मात्र पेन्सिल दर वेळी वाजायची आणि तरी बाई म्हणायच्या, "इथं काही करू नकोस. हा स्पीडब्रेकर आहे."

ते 'इन्सुलिनचा काळ' या पानावरचा तिसरा परिच्छेद. अंगात गेलेलं इन्सुलिन लगेच संपत नाही, साधारण पाच तास काम करत राहतं. तो काळ प्रोग्रॅमला सांगून ठेवावा लागतो, म्हणजे आधी दिलेल्यातलं अंगात किती शिल्लक आहे याचा हिशेब तो ठेवतो. नवख्या आईबापांची चूक ठरलेली असते. साखर उतरत नाही, जीव कासावीस होतो, आणि ते हा काळ कमी करून टाकतात. पाचाचे दोन करतात. मग प्रोग्रॅमला वाटतं, आधीचं संपलं. तो वर आणखी सोडतो. थोड्या वेळाने सगळं एकदम कामाला लागतं, साखर दगडासारखी खाली जाते आणि पोर फिट येऊन पडतं. म्हणून मी तो परिच्छेद असा लिहिला होता की त्यावरून कुणाला सहज घसरत जाता येऊ नये. सुरुवात 'हा काळ कमी करू नका' अशी. पुढे एक लहानसं गणित, ज्याचं उत्तर वाचणाऱ्याने मोठ्याने सांगायचं. ते चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. लोक वैतागायचे. एका बापाने विचारलं होतं, "हे काय, परीक्षा घेताय का?" शमीमबाई म्हणाल्या होत्या, "हो. आणि नापास झालात तर उद्या पुन्हा फोन करा."

मग 'ओघ' आला.

वाचताना डोळा ओळीवरून वाहत नाही. तो उड्या मारतो आणि प्रत्येक उडीनंतर क्षणभर टेकतो. कळलं नाही तर जास्त वेळ टेकतो, किंवा मागे उडी घेतो. हे शास्त्र जुनंच आहे. नवीन इतकंच घडलं होतं की फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यालाही आता या उड्या टिपता येऊ लागल्या. मकरंदने त्यावर ओघ बांधला. वाचणारा कुठे अडखळतो हे ओघ बघायचा आणि तिथल्या तिथे मजकूर बदलायचा. वाक्य लहान करायचा, शब्द बदलायचा, परिच्छेद वरखाली करायचा, त्या माणसाच्या बोलीत बोलायचा. डोळा न थांबता शेवटच्या ओळीपर्यंत गेला, की त्या माणसासाठी ते पान ठरलं. एक नियम मकरंदने कडक ठेवला होता. कुठलाही आकडा बदलायचा नाही, कुठलीही माहिती गाळायची नाही. ते तपासणारा वेगळा प्रोग्रॅम होता.

मला आनंद झाला होता, हे लिहायला मला लाज वाटत नाही. शमीमबाईंच्या पेन्सिलीचं काम कुणालाही, कुठेही, न विचारता मिळणार होतं. बाईसुद्धा हसल्या. "चला, दुसऱ्यांदा निवृत्त झाले."

लोकांना ओघ आवडला. एका आईने लिहिलं, हे पान माझ्या माहेरच्यासारखं बोलतं. आमच्या समूहावर येणारे नवख्यांचे प्रश्न कमी होत गेले. मकरंद दर महिन्याला मला उतरत जाणारी रेघ दाखवायचा. 'समतोल'चं प्रतिष्ठान झालं, देणगीदार आले. 'वाचून घेणं' सक्तीचं होतं ते ऐच्छिक झालं, मग सूचनांमधून गेलंच. जुनी माणसं समूहावर येईनाशी झाली, कारण कुणाला काही विचारायचंच नव्हतं. शेवटी ठराव आला की माझी मूळ पुस्तिका साइटवरून काढून टाकावी. ओघ आता तिच्याशिवाय चालतो. विश्वस्तांत मी होते, माझी सही हवी होती.

मी म्हणाले, "बघू."

सही न करणं हा एक रस्ता होता. दुसराही होता, आणि तो मला मकरंदनेच वीस वर्षांपूर्वी समजावला होता. खुल्या प्रोग्रॅमची गंमत ही की पटलं नाही तर कुणीही त्याची प्रत घेऊन वेगळी वाट काढू शकतो. त्याला आम्ही फाटा म्हणतो. पण फाट्याची किंमत नवख्यांना मोजावी लागते. नव्या आईला एकच जागा सापडली पाहिजे. दोन सापडल्या की तिला पहिला प्रश्न पडतो, ह्यातलं खरं कुठलं? शिवाय माझ्या फाट्याच्या पलीकडे मकरंद असणार होता. ऋताला एकदा सहज बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "आणि मी पंपात कुणाचा प्रोग्रॅम घालू? तुझा का बाबांचा?"

त्यामुळे बघू. दर रविवारी मी माझ्या फोनवर ते पान उघडायची आणि तिसरा परिच्छेद आहे ना, हे बघायची. तो असायचा. शब्दन् शब्द तसाच. मी पान मिटायची.

*

आटपाडीच्या सुवर्णा गलांडेचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. तिची ईश्वरी दुसरीत. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत फिट येऊन पडली होती, सांगलीच्या दवाखान्यात आणलं होतं. मी शमीमबाईंना रिक्षात घेतलं.

ईश्वरी शुद्धीवर होती. जीभ चावली गेल्यामुळे बोलत नव्हती, दोन्ही हातांनी आईचा पदर धरून पडली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर साखर दिली गेली, बरी होईल. बाहेर सुवर्णाचा दीर उभा होता. तो आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "धड वाचाया येत न्हाई आन् पंप लावत्यात पोरीला."

सुवर्णा उठून बाहेर आली. ती शिवणकाम करते, गळ्यात मापाची टेप तशीच होती.

"भावजी, मी वाचलंय," ती म्हणाली. "दोनदा वाचलंय. शमीमबाईंना फोन करून इचारलंय. बाई, सांगा तुम्हीच. मी मनाचं काय केलं का?"

शमीमबाई म्हणाल्या, "नाही. हिने मला विचारलं, साखर उतरत नाही, काळ बदलू का? मी म्हटलं, वाचलंस का पान? म्हणाली, वाचलंय. मी म्हटलं, मग तिसरा परिच्छेद पुन्हा बघ, आणि त्यात लिहिलंय तेच कर. आपल्या मनाचं काही करू नकोस."

"आन् मी त्येच केलं! पाचाचं दोन केलं!" सुवर्णाचा आवाज चढला. नर्सने दारातून डोकावून पाहिलं.

"तेच कसं केलंस?" मी विचारलं. "तिथे काळ कमी करू नका असं लिहिलंय."

"न्हाई लिहिलं."

"सुवर्णा, मी स्वतः लिहिलंय ते."

"मॅडम, मी अडाणी न्हाई." तिने फोन काढला, पान उघडलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्ये बघा. वाचा."

मी वाचलं. पान सुंदर होतं. थेट आटपाडीच्या बोलीत, कुणी शेजारीण उंबऱ्यावर बसून सांगतेय असं. तिसरा परिच्छेद असा होता: 'लेकराची साखर लई येळ उतरत नसंल तर जीव थोडा थोडा हुतो, खरं हाय. काही लेकरांना इन्सुलिनचा काळ कमी ठेवावा लागतो. तुमचं लेकरू तुमच्याइतकं कुणी वळखत न्हाई.' त्याच्या खाली आणखी दोन परिच्छेद, आणि सगळ्यांत शेवटी, ईश्वरीचं वजन कसं लिहायचं त्याच्या मागे: 'साधारण पाच तास धरत्यात. कमी करायचा तर डॉक्टरांना इचारून.'

एकही आकडा बदललेला नव्हता. एकही माहिती गाळलेली नव्हती. काही मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने काळ कमी ठेवावा लागतो, हे वाक्य माझंच होतं, पानाच्या तळाशी अपवाद म्हणून दिलेलं. घाबरलेल्या आईचा डोळा 'कमी करू नका' पाशी अडखळला होता आणि 'कमी' पाशी भरभर धावला होता. ओघाने त्या डोळ्याचं ऐकलं होतं. गणित दिसत नव्हतं. गणित ही माहिती नाही, असं त्या तपासणाऱ्या प्रोग्रॅमने ठरवलं असणार.

शमीमबाईंनी पिशवीतून स्वतःचा फोन काढला. त्यांच्या तिसऱ्या परिच्छेदात होतं: 'काळ पाच तासच ठेवावा. कमी करण्याची घाई करू नये.' स्वच्छ, शाळेच्या मराठीत. मग मी माझा उघडला. 'हा काळ कमी करू नका.' आणि खाली माझं गणित, माझ्या स्वल्पविरामांसकट.

तीन फोन बाकावर शेजारी शेजारी ठेवले. एकच पान, एकच मथळा.

मला समजायला वेळ लागला नाही. मी कुठे अडखळते? माझं वाक्य कुणी बदललं तिथे. म्हणून ओघाने मला माझं वाक्य कधी बदलून दाखवलंच नाही. दोन वर्षं, दर रविवारी, तो मला माझाच मजकूर वाचायला देत होता आणि मी समाधानाने पान मिटत होते.

"म्हंजे माझी चूक न्हाई," सुवर्णा म्हणाली.

"नाही," शमीमबाई म्हणाल्या.

"मग ह्यांना सांगा." तिने दिराकडे बोट केलं. "आत्ता सांगा. मोठ्यानं."

शमीमबाईंनी सांगितलं. दीर मान खाली घालून चहा आणायला गेला. शमीमबाई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी हिच्याकडून वाचून घ्यायला हवं होतं. ती दुकानात होती, गिऱ्हाईक समोर होतं. मला वाटलं, पान तर तेच आहे."

"तेच असायला हवं होतं, बाई," मी म्हणाले.

*

मकरंद घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. त्याला सगळं कळलं होतं.

"मुलगी कशी आहे?"

"जीभ चावलीय. बाकी बरी आहे."

"थँक गॉड." त्याने खरंच डोळे मिटले. मग म्हणाला, "पान मी तपासलं. सगळी माहिती आहे त्यात. काहीही चुकीचं नाही."

"माझ्या फोनवर माझाच परिच्छेद का दिसत होता?"

"म्हणजे?"

"मकरंद, म्हणजे काय ते तुला कळतंय."

"ओघ तसाच चालतो, सुनेत्रा. ज्याला जे सोपं जातं ते. तुला तुझं सोपं जातं."

"तुला माहीत होतं."

"त्यात लपवलेलं काही नाही. कोड खुला आहे, तू कधीही बघू शकली असतीस."

"मी कोड वाचत नाही! वीस वर्षं तुला माहीत आहे, मी कोड वाचत नाही. दर रविवारी ह्याच टेबलावर बसून मी ते पान उघडत होते, आणि तू समोर चहा पीत होतास. 'आहे ना तुझा परिच्छेद?' असं विचारलंही होतंस एकदा. मी हो म्हटलं. तू हसलास."

"तुझं समाधान होत होतं, म्हणून."

मी सहसा आवाज चढवत नाही. आमच्या घरात तो ऋता चढवते. मी हातातली किल्ली टेबलावर ठेवली. आपटली, असं मकरंद नंतर म्हणाला.

"तू मला पान नाही दाखवलंस, आरसा दाखवलास. आणि सुवर्णाला तिच्या भीतीचा आरसा दाखवलास. शमीमबाई तिला म्हणाल्या, तिसरा परिच्छेद. त्यांच्या भरवशावर तिने तो वाचला. दोन बायका एकमेकींशी एकाच पानाबद्दल बोलतायत असं त्यांना वाटत होतं, आणि पानं दोन होती. आता कोण कुणाला कसं सांगणार? चौथी ओळ बघ, असं कुणी कुणाला म्हणूच शकत नाही. समूह शांत झाला तो सगळ्यांना कळलं म्हणून नाही झाला."

"एका घटनेवरून असं—"

"ती घटना सात वर्षांची आहे!"

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "भांडून उपयोग नाही. रविवारी विश्वस्तांची बैठक लावलीय. निवेदन काढावं लागेल, नाहीतर लोक पंपच काढून टाकतील. त्यात जास्त मुलं दगावतील, हे तुलाही माहीत आहे. मसुदा बघ."

मसुदा लहान होता. 'अनधिकृत दूरध्वनी सल्ल्यातून झालेल्या गैरसमजामुळे' एका बालिकेला त्रास झाल्याबद्दल खेद. यापुढे स्वयंसेवकांनी वैयक्तिक फोनवरून मार्गदर्शन करू नये. नवीन वापरकर्त्यांनी केवळ ओघावर विसंबावं. मूळ पुस्तिका संदिग्धता टाळण्यासाठी मागे घेण्यात येत आहे.

"अनधिकृत," मी म्हणाले. "शमीमबाई अनधिकृत. 'समतोल'च्या पहिल्या वर्षी ऋताला सांभाळलं त्यांनी. तुझा प्रोग्रॅम रात्री-अपरात्री बंद पडत होता तेव्हा त्या माझ्याबरोबर जाग्या होत्या."

"नाव कुठे घेतलंय त्यांचं?"

"मिरजेत नाव घ्यावं लागत नाही."

मी ऋताला पुण्याला फोन केला आणि स्पीकर चालू ठेवला. तिला सगळं सांगून म्हटलं, तुझ्या फोनवर तिसरा परिच्छेद वाच. तिने उघडला. "तीन शब्द आहेत, आई. 'पूर्वीप्रमाणेच ठेवा, ऋता.' मला वाटलं तू पुस्तिका लहान केलीस." मग एकदम, "बाबा तिथेच आहेत का? बाबा, हे असलं काय आहे? तुम्ही मला लाडीगोडी लावताय का सूचना देताय?"

मकरंद उठून गॅलरीत गेला.

"आई," ऋता म्हणाली, "मागे मी तुला म्हटलं होतं ना, कुणाचा प्रोग्रॅम घालू म्हणून. ते मी चिडवायला म्हटलं होतं. त्याच्यामुळे थांबू नकोस."

*

प्रतिष्ठानचं कार्यालय सांगलीच्या विश्रामबागेत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. रविवारी सकाळी मकरंद, मी, खजिनदार इनामदार, आणि पडद्यावर पुण्या-नागपूरचे दोन विश्वस्त. खुलासा करायला बोलावलेल्या म्हणून शमीमबाई भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्याकडे निवेदनाची प्रत होती. त्यांनी ती वाचून घडी करून पिशवीत ठेवली होती.

"बाई, तुमच्याबद्दल आम्हा सगळ्यांना आदरच आहे," इनामदार म्हणाले. "पण काळ बदलला."

"पाचाचे दोन झाले," शमीमबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही. "इनामदार, मला आदर नको. माझ्या शब्दावर त्या पोरीच्या आईने पान उघडलं. मला एवढंच सांगा, उद्या दुसरीने फोन केला तर मी तिला काय सांगू?"

"तेच तर. काही सांगायचं नाही. ओघ सांगेल."

"आणि ओघाने सांगितलेलं बरोबर आहे का, हे ती कुणाला विचारेल?"

इनामदारांनी मकरंदकडे पाहिलं. मकरंद म्हणाला, "तपासणारा प्रोग्रॅम आणखी कडक करतोय मी. हा परिच्छेद कायम वरच राहील. दुरुस्त होण्यासारखी गोष्ट आहे ही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तो परिच्छेद वर राहिला असता. मग दुसरा कुठला तरी, ज्याबद्दल अजून कुठलं पोर पडलेलं नाही, तो खाली गेला असता.

"सगळ्यांनी फोन काढा," मी म्हणाले.

"सुनेत्रा—"

"दुरुस्ती अजून चढवलेली नाहीस ना? मग काढा. 'इन्सुलिनचा काळ', तिसरा परिच्छेद. मी म्हटलं की एकदम सुरू करायचं, मोठ्याने. शाळेत कविता म्हणतात तसं."

इनामदारांना गंमत वाटली. त्यांनी चष्मा लावला. पडद्यावरच्या दोघांनीही फोन हातात घेतले. मी म्हटलं, वाचा.

पहिला शब्दच जुळला नाही. इनामदार 'खर्चाच्या दृष्टीने' असं काहीतरी वाचत होते, नागपूरच्या बाई 'संशोधनानुसार' म्हणत होत्या, पुण्याचे गृहस्थ एक विनोद वाचत होते. खरोखरच विनोद होता तो, ओघाने त्यांना हसवून पुढे नेलं होतं. चार आवाज एकमेकांवर चढले. मी माझं गणित वाचत राहिले. एकेक जण दुसऱ्याचं ऐकू येऊन थांबला. नागपूरच्या बाई सगळ्यांत शेवटी थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण आपण ह्याच पानाला मागच्या बैठकीत मंजुरी दिली होती."

"कुठल्या?" शमीमबाईंनी विचारलं.

मकरंदने फोन काढलाच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मला बघवत नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मुद्दा पोहोचला. निवेदनातला 'अनधिकृत' शब्द काढू. पण ओघ बंद करता येणार नाही. हजारो घरं त्यावर वाचतायत, त्यांना जुनी पुस्तिका झेपणार नाही. कित्येक जण आधी अर्ध्यावर सोडून द्यायचे, हे विसरू नका. तुझ्या त्या गणितापाशीच सोडायचे, सुनेत्रा."

"सोडायचे," मी म्हणाले. "मग फोन करायचे."

"सगळे नाही करायचे."

ते खरं होतं.

"मतदान घेऊया," तो म्हणाला. "निवेदन, फोनवरचं मार्गदर्शन बंद, मूळ पुस्तिका मागे. इनामदार?"

इनामदारांनी जरा चुळबुळ केली. "सहमत. म्हणजे, दुसरा पर्याय तर दिसत नाही."

पुण्याचे सहमत. नागपूरच्या बाई तटस्थ.

"सुनेत्राताईंचं आपल्याला पाठच आहे," इनामदार वातावरण हलकं करायला म्हणाले. "'बघू'."

पडद्यावर कुणीतरी हसलं. मकरंदने कागदावर तसं लिहायला पेन उचललंसुद्धा. मी शमीमबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात काही नव्हतं, पण उजव्या हाताची बोटं पेन्सिल धरल्यासारखी मांडीवर टेकलेली होती. त्या ऐकत होत्या, नवख्या माणसाचं ऐकतात तशा.

मी न अडखळता बोलायचं ठरवलं. तरी पहिल्या शब्दापाशी अडखळलेच, आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं.

"मी फाटा काढतेय. मकरंद, प्रोग्रॅमची प्रत आजच घेतेय, पुस्तिका माझ्याबरोबर येईल. सगळ्यांना एकच पान दिसेल, आणि ते मोठ्याने वाचल्याशिवाय कुणालाही पंप सुरू करता येणार नाही. ऐकायला आम्ही बसू."